तुम्ही विचारलंत म्हणून : बुधवारचा इतवार

रविवारी सकाळी जे निवांत वाटतं ते बाकीच्या दिवशी का वाटत नाही, आणि वाटावं म्हणून काय करता येईल, असं बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन उत्तरं तयारच असतात : नोकरी बदला, नाहीतर ध्यान करा. मी यातलं एकही देणार नाही. माझं उत्तर तर्री-पोह्यांचं आहे, आणि तेही बुधवारच्या. तर्री म्हणजे पोह्यांवर ओतायचा काळ्या चण्यांचा पातळ, तिखट रस्सा.

आधी रविवारचा हिशेब मांडून बघा. भाजी, चक्कीवरून दळण, इस्त्रीचे कपडे, कूलरची टाकी, कुणाकडचं तरी वास्तू किंवा बारसं. दिवस म्हणून रविवार काही फार मोकळा नसतो. मोकळे असतात ते सकाळचे आठ ते दहा. त्या वेळात हातात चहा असतो आणि घड्याळाला बांधलेलं पुढचं काम डोळ्यांसमोर उभं नसतं. निवांतपणा म्हणतात तो एवढाच. म्हणजे अख्खा दिवस मिळवायची गरज नाही, मागेपुढे कुंपण घातलेली चाळीस मिनिटं पुरतात.

रविवारही काही आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो मागून, भांडून घेतला. 10 जून 1890 ला मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपल्या नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी तर त्याआधी, 1877 मध्येच सुरू झालेली. आणि नागपूरनं बाजारापायी आठवड्याचे वार गावभर वाटून टाकलेत : इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. इतवार बुधवारी भरवला तर या गावात कुणी नवल करू नये.

रोज मात्र नको. रोज रविवार करायला गेलेले लोक तिसऱ्या दिवशी थकतात आणि मग सगळंच सोडतात. आठवड्यातला एक दिवस धरा, जमला की दुसरा. बुधवार अशासाठी, की तो दोन रविवारांच्या साधारण मधोमध पडतो.

वेळ सकाळचीच घ्या. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, म्हणून घड्याळ एक असूनही सूर्य इथे साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाच-पावणेसहाला फटफटीत उजेड असतो आणि हवा बरी असते. संध्याकाळी सातलाही भिंती तापलेल्याच असतात. शाळेची व्हॅन सातला दारात येत असेल तर ती गेल्यानंतरची चाळीस मिनिटं धरा. आधीची धरू नका, कारण डबा आणि मोजे यांच्यामध्ये कुणीही निवांत बसत नाही. उशिरा उठणं म्हणजे इतवार, हा समजही सोडा. रविवारी दोन-अडीच तास जास्त झोपलं की रात्री झोप लागत नाही आणि सोमवार जड जातो. उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नका.

आता तर्री. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला ठेल्यावर उभं राहून खाता येतेच, पण जाणं, गाडी लावणं, गर्दी यात चाळीस मिनिटं संपतात. घरीच करायची तर सगळं काम आदल्या दिवसांत विभागायचं. बुधवारी सकाळी फक्त पोहे भिजवणं आणि तर्रीचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवणं उरलं पाहिजे.

मसाला रविवारी. तीन मध्यम कांदे उभे चिरून जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजा. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, एक चमचा खसखस, चार लवंगा, आठ मिरे, इंचभर कलमी (दालचिनी) आणि चिमूटभर दगडफूल वेगवेगळं भाजा. एकत्र टाकलं तर खसखस जळते आणि धणे कच्चे राहतात. बारा पाकळ्या लसूण आणि दीड इंच आलं घालून अगदी कमी पाण्यात वाटा. अर्धी वाटी तेलात हे वाटण मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. कडेनं तेल सुटलं की दोन-तीन चमचे तिखट आणि थोडी हळद घाला, अर्धा मिनिट हलवा, गॅस बंद. तिखट आधी टाकलं तर करपतं आणि तर्री कडवट होते. थंड झाल्यावर कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतं. चौघांच्या दोन वेळा होतात.

मंगळवारी सकाळी एक वाटी, म्हणजे साधारण 200 ग्रॅम, काळे चणे भिजत घाला. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर दिवसभर राहिलं की पाण्याला फेस येतो, चणे बुळबुळीत होतात. रात्री मीठ घालून सहा-सात शिट्ट्या. चण्याचं पाणी फेकू नका. ते आणि वरून कढत पाणी मिळून पाच वाट्या करा, अर्धा मसाला घाला, दहा मिनिटं उकळू द्या. पाणी कढतच हवं. गार ओतलं तर उकळी मोडते आणि लाल तवंग नीट वर येत नाही. तर्री पातळच असते. घट्ट झाली तर ती उसळ. गार झाली की गंज फ्रिजमध्ये.

बुधवारी उठल्यावर 250 ग्रॅम जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा फिरवा आणि निथळत ठेवा. पाच मिनिटांनी एक दाणा चिमटीत दाबा : मोडला पाहिजे, पण लगदा होता कामा नये. भांड्यात बुडवून ठेवले की गोळा होतो. पातळ पोह्यांचा तर होणारच. मीठ, हळद, चिमूटभर साखर पोह्यांनाच चोळा. फोडणीत मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे). पोहे टाकून झाकण ठेवा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं वाफ. झाकण नसेल तर कोरडे पडतात आणि घशात अडकतात. तर्री बाजूच्या शेगडीवर तेवढ्या वेळात उकळते. ती ताटलीत, खायच्या वेळी ओतायची, वर कच्चा कांदा, सांभार (कोथिंबीर), लिंबू. मी शेवेच्या बाजूचा नाही, तिनं चणे झाकले जातात. पण यावरून भांडू नये.

हे वीस मिनिटांत होतं. त्यानंतर चाळीस मिनिटं बसायचं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. फोन हाताशी असेल तर ऑफिसच्या ग्रुपवरचा पहिला मेसेज त्या चाळीस मिनिटांना भोक पाडतो, वाचला नाही तरी. मंगळवारी रात्री साडेअकराला ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा, म्हणजे सकाळी साडेसातपर्यंत तो गप्प राहतो. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजर फोनवर असेल तर ही युक्ती फसते, म्हणून साधं टेबलाचं घड्याळ आणा. दुसरी चूक म्हणजे या वेळेला कामाला लावणं : पावलं मोजणं, इंग्रजी सुधारणं, कपाट आवरणं. सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलात तरी चालेल, पण आकडा बघत चाललात तर ते ऑफिसच झालं.

कामं कुठे जातील, असं लगेच विचारलं जातं. ती रविवारच्या डोक्यावरून काढून एकेका संध्याकाळवर टाका, वीस-पंचवीस मिनिटांच्या मापानं : सोमवारी दळण, मंगळवारी इस्त्री, गुरुवारी भाजी. शुक्रवारी कूलर. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून, आतून घासून, वाळू द्यायला हवी, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवसच लागतात. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर अंडी भिंतीला चिकटून तशीच राहतात.

कूलरचा विषय निघालाच आहे तर : संध्याकाळी घरी आल्यावर आधी फक्त पंप चालू करा, पाच-सात मिनिटांनी पंखा. पॅड ओले नसताना पंखा लावला की उन्हाची धूळ तोंडावर येते. समोरची खिडकी अर्धी उघडी ठेवा, नाहीतर ओलावा खोलीतच साचून अंग चिकट होतं.

आणि तर्रीचा गंज लगेच पाण्यात घालू नका. आधी जुन्या वर्तमानपत्रानं तेल पुसून घ्या, मग कढत पाणी. नाहीतर तो लाल तवंग सिंकच्या कडेला चिकटतो आणि बुधवारची संध्याकाळ तो घासण्यात जाते.