तैलबैल्याला बंड्याला नेलं, त्याची गोष्ट

शुक्रवारी रात्री क्लाइंबिंगचा रोप (दोर) गुंडाळत होतो आणि बंड्या माझ्या हार्नेसला, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्यांना, नाक लावून बसला होता. सहा वर्षांचा, एकतीस किलोचा लॅब्रॅडोर. ट्रेकला बऱ्याचदा आलाय, राजमाची त्याला पाठ आहे. आम्ही तैलबैल्याच्या दोन उभ्या कातळभिंतींवर क्लाइंबिंगला निघालो होतो. म्हटलं, चल. ट्रेक वेगळा आणि क्लाइंबिंग वेगळं, हे मला माहीत होतं; फक्त कुत्र्याच्या बाबतीत ते कधी लक्षात आलं नव्हतं.

आम्ही तिघं होतो. पुण्याहून लोणावळा, भुशी धरणावरून ॲम्बी व्हॅलीचा रस्ता, पुढे सालतर खिंड आणि तैलबैला गाव. लोणावळ्यापासून साधारण ३५ किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात रस्ता इतका हाडं खिळखिळी करतो की बंड्याने मागच्या सीटवर सकाळचं सगळं बाहेर काढलं. कुत्रा नेणार असाल तर निघण्याआधी पोटभर खायला घालू नका.

गावातून निघालो तशी एक काळी कुत्री न बोलावता पुढे चालू लागली. सह्याद्रीत हे नेहमीचंच. तासाभरात दोन भिंतींच्या मधल्या खिंडीत पोचलो. वाट सोपी, पण डिसेंबरात गवत वाळलेलं आणि कुसळं पिकलेली. आपल्या मोज्यात घुसतात ती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानात घुसतात, आणि कुसळाची रचनाच अशी की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. खिंडीत बसून मी पाऊण तास त्याचे पंजे उलटसुलट करून कुसळं वेचत होतो. काळी मात्र बैलवाटेच्या मधोमध, गवताला अंगही न लावता आली होती.

सकाळ बरी गेली. एक लीडला, म्हणजे रोप घेऊन पुढे चढायला, एक बिलेला, म्हणजे खालून त्याचा रोप सांभाळायला, आणि मी कुत्र्यापाशी. खरी भानगड दुपारी झाली. माझी लीड करायची पाळी आली आणि तिसरा गडी टाक्यावर पाणी आणायला गेलेला. बिले देणाऱ्या मैत्रिणीने बंड्याचा पट्टा स्वतःच्या हार्नेसला कॅराबिनरने (धातूच्या कडीने) अडकवला. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता!

कातळात ठोकलेल्या तिसऱ्या बोल्टच्या वर मी रोप ओढून चौथ्यात क्लिप करायला गेलो, तेवढ्यात बंड्याला आपला माणूस वर लटकलेला दिसला. तो कुंईं करत उसळला, मैत्रीण दोन पावलं बाजूला खेचली गेली, माझ्या हातातला रोप ताठ झाला आणि मी सुटलो. आठ-दहा फुटांचा फॉल. तिने ब्रेकचा हात सोडला नाही म्हणून गुडघ्याच्या सालीवर निभावलं. खाली बघतो तर बंड्या शेपटी हलवत रोपच्या वेटोळ्यात उभा, पंजांतली सगळी माती रोपवर.

त्याला करवंदीच्या जाळीला बांधलं, तर इतका भुंकला की वरून खाली ‘टेक’ (रोप ताण) आणि ‘स्लॅक’ (रोप सैल सोड) यातलं काही ऐकू जाईना. त्यातच वरच्या घसाऱ्यातून नारळाएवढा दगड निसटला आणि बंड्या सकाळी पसरला होता त्या जागेपासून हातभर अंतरावर फुटला. माणसाला ‘दगड!’ ओरडलं की तो भिंतीला चिकटतो. कुत्रा वर बघत उभा राहतो. काळी त्या वेळी गुहेच्या तोंडाशी सावलीत झोपली होती. दिवसभर ती भिंतीखाली एकदाही आली नाही.

तर माझं मत असं: कुत्र्यासाठी एक माणूस पूर्ण वेळ मोकळा असेल, म्हणजे त्या दिवशी हार्नेस न घालणारा, तरच न्या. ‘आळीपाळीने बघू’ हे चालत नाही, आणि बिले देणाऱ्याच्या अंगाला पट्टा कधीच नको. बांधायचं ते भिंतीपासून लांब, सावलीत, रोप दिसणार नाही अशा ठिकाणी. पाणी त्याचं वेगळं न्या. आमचे तीन लिटर एक वाजताच संपले. काळा कातळ तापला की तळहात टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. आग्या मोहोळाची पोळी लटकताना दिसली तर मात्र सरळ परत फिरा, कारण माश्या उठल्या की बांधलेल्या जनावराला पळताही येत नाही. कर्नाळ्याचा अंगठा किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अभयारण्यात येतात, तिथे पाळीव कुत्रा नेण्याचा विचारही नको. रेबीजची लस आणि गोचिडांचं औषध आधीच झालेलं हवं, कारण गावची कुत्री भेटणारच.

रात्री गावातच एका घराच्या पडवीत राहिलो. पिठलं-भाकरी झाल्यावर बंड्याला अंगणात बांधत होतो, तर घरच्या आजोबांनी हटकलं, “आत घ्या त्याला. वाघ न्हेतोय.” वाघ म्हणजे बिबट्या. त्याला कुत्रं सोपी शिकार. मग एकतीस किलोचं ते धूड माझ्या स्लीपिंग बॅगवर आडवं पडून घोरलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो डावा कान सारखा झटकायला लागला. डॉक्टरांनी गुंगी देऊन आतून कुसळ काढलं, जवळपास दीड इंच लांब. ते एका डबीत घालून दिलंय आणि ती डबी आता माझ्या रोपच्या पिशवीत असते.