अटी लागू

लग्नाची यादी बहुतेक वेळा आखीव फुलस्केप कागदावर होते. वर मधोमध ‘॥ श्री ॥’, खाली एकीकडे वधूपक्ष, दुसरीकडे वरपक्ष, आणि मग एकामागून एक कलमं. मंगळसूत्र किती ग्रॅमचं आणि ते करायचं कुणी, नवरीच्या साड्या किती, नवरदेवाचा पोशाख कुणाकडून, हॉलचं भाडं कुणाकडे, वाजंत्री कुणाची, वऱ्हाडाच्या गाड्या किती. दोन प्रती निघतात, कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटं लागतात, मामा-चुलते खाली सह्या करतात, सुपारी फुटते. सातारा-सांगलीकडे या बैठकीला ‘याद्या’ म्हणतात. खर्च वाचवायचा असेल तर त्याच बैठकीत अक्षता टाकून मोकळे होतात, ती ‘यादी पे शादी’. हुंडा मात्र यादीत लिहीत नाहीत. १९६१च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला, तेव्हापासून ती बोलणी अंगणात, चपला घालता घालता होतात.

या सगळ्या कागदावर एका गोष्टीचा पत्ता नसतो : ज्यांचं लग्न, त्या दोघांच्या सह्यांचा. करार दोन घरांचा. ती दोघं फार तर त्याचा विषय.

मोबाइलवर भागाभागानं वाचल्या जाणाऱ्या ‘कॉन्ट्रॅक्ट मॅरेज’च्या, म्हणजे अटी लिहून सोयीसाठी केलेल्या लग्नाच्या, कथांची गोडी इथून समजायला लागते. कराड-सातारा एसटीत खिडकीशी बसून कुणी बेचाळिसावा भाग उघडते, तेव्हा तिला लग्न आधी आणि प्रेम नंतर या क्रमाचं काही विशेष वाटत नसतं. तो क्रम तिच्या आईचा, आजीचा, घरातल्या सगळ्यांचाच. तिला नवं वाटतं ते तिसऱ्या-चौथ्या भागातलं एक दृश्य. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये कोरा कागद, आणि ती म्हणते, “आधी माझ्या अटी लिहा.” पोह्यांच्या बशीमागे बसून ‘स्वयंपाक येतो का’ हे ऐकलेल्या मुलीला पुढचे शंभर भाग वाचायला एवढं वाक्य पुरतं.

सांगलीला तर हा विषय घरचाच. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक केलं ते ‘सीतास्वयंवर’. नावात ‘स्वयं’ असलं तरी धनुष्याचा पण लावला होता जनकानं. सांगलीलगतचं हरिपूर हळदीच्या पेवांसाठी नावाजलेलं. तिथल्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९चं. त्यात पैशासाठी पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरतं आणि व्यवहारात सगळ्यांचा आवाज असतो, तिचा सोडून. आजच्या सोयीच्या लग्नाच्या कथेनं व्यवहार तसाच ठेवलाय, फक्त वाटाघाटीला तिला बसवलंय. यापलीकडे या कथेत क्रांती वगैरे काही नाही, पण हा बदल छोटाही नाही.

आता अशी कथा उभी कशी राहते ते बघू. सगळ्यात आधी लागतं कारण, आणि निम्म्या कथा तिथंच पडतात. अमेरिकेतल्या कादंबऱ्यांना कारणं आयती मिळतात. एकाच्या नोकरीतल्या आरोग्यविम्यात जोडीदाराला घेता येतं. नागरिकाशी लग्न केलं तर ग्रीन कार्डचा रस्ता उघडतो, आणि लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते कार्डही आधी दोन वर्षांपुरतं, सशर्त मिळतं. तिथलं खोटं लग्न पकडलं गेलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणजे मुदत, परीक्षा आणि भीती, तिन्ही सरकारनंच पुरवलेलं. आपल्याकडची लेखिका हे सामान उचलते आणि त्याच्या जागी आजोबांचं मृत्युपत्र बसवते : नातवानं तीस दिवसांत लग्न केलं नाही तर हजार कोटींची कंपनी ट्रस्टला जाणार. सांगलीतल्या वाचकाला हजार कोटी पटतात, ते मृत्युपत्र पटत नाही. इथं वाटणी म्हटलं की सात-बारा, वारसनोंद आणि बहिणींची हक्कसोडपत्रं डोळ्यांपुढे येतात. तिथं ‘तीस दिवसांत’ काहीच होत नाही.

खरं तर कारणं गावातच पडलेली आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांचंच घ्या. ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा तिथला विशेष संवर्ग. दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर त्या जोडप्याला बदलीत प्राधान्य मागता येतं. एकजण जतला आणि दुसरी शिराळ्याला, म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. तिला म्हाताऱ्या वडिलांजवळची शाळा हवी, त्याला जतच्या उन्हातून सुटायचंय. दोघांनाही घरून लग्नाचा धोशा आहेच. बदलीचं पोर्टल ठरावीक दिवस उघडं राहणार, तोवर विवाहाचा दाखला हातात हवा. झालं कारण. त्यात अब्ज रुपये नाहीत, हेलिकॉप्टर नाही, पण वाचणाऱ्या प्रत्येकीच्या ओळखीत अशा बदलीसाठी झुरणारं एक तरी घर असतं. दुसरं कारण द्राक्षपट्ट्यातलं. तासगावकडे बाग आहे, बंगला आहे, बेदाण्याचं शेड आहे, आणि तरी शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही. सगळ्यांना नोकरीवाला पाहिजे. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच त्यावर हलकी कथा लिहायला हात हवा.

कारणाबद्दल एक पथ्य कसोशीनं पाळावं. कथा संपायच्या बरंच आधी कारण संपलं पाहिजे. बदलीची ऑर्डर दोन-तृतीयांशावर यावी, शेवटच्या भागात नव्हे. ऑर्डर हातात पडली की एकत्र राहण्याची गरज संपते, आणि मग दोघंही नवी गरज शोधायला लागतात. गॅसचं कनेक्शन दोघांच्या नावावर आहे, घरमालकाचं डिपॉझिट अडकलंय, गणपती झाल्यावर बघू. ही लंगडी निमित्तं वाचायला जी मजा येते ती दहा कबुलीजबाबांत येत नाही. ज्या कथेत कारण शेवटपर्यंत टिकतं, त्यात ती दोघं प्रेमानं राहिली की नाइलाजानं, हे वाचकाला कळतच नाही.

मग अटी. ‘एकमेकांच्या आयुष्यात ढवळाढवळ करायची नाही’ आणि ‘प्रेमात पडायचं नाही’ या दोन अटी प्रत्येक कथेत असतात, आणि दोन्ही कुचकामी. मोडली कधी हे सांगता येत नाही अशी अट कथेला उपयोगाची नाही. अट मोजता आली पाहिजे. पगारातले आठ हजार माहेरी जाणार, त्यावर चर्चा नाही. खोलीचं दार वाजवल्याशिवाय उघडायचं नाही. शनिवारी शाळा सुटली की ती थेट वडिलांकडे. चहा ज्याचा त्यानं करून घ्यायचा. अशा चार-पाच पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त लिहिल्या तर वाचक विसरतो, आणि पंधराव्या भागापर्यंत लेखिकाही विसरते. प्रत्येक अट एकदा मोडायची, सगळ्यात किरकोळ आधी. एका सकाळी तो पातेल्यात दोन कप पाणी टाकतो. दोघं काही बोलत नाहीत. ती कप विसळून ठेवते. इथं लेखिकेनं ‘तिच्या हृदयाचा ठोका चुकला’ असं लिहिलं की दूध नासलं समजावं. वाचकाला चौथी अट पाठ आहे, त्याला हिशेब करू द्यावा. मोडण्याची पाळी आलटूनपालटून असावी. सगळ्या अटी त्यानंच मोडल्या तर तो उपकारकर्ता होतो आणि ती आभार मानत बसते.

दार वाजवायची अट मात्र मोडू नये. ‘रागात त्यानं दार ढकललं’ हा प्रसंग या कथांत फार गोड करून लिहितात. जिच्या हातात पेन दिलं, तिचाच शब्द नायकानं तुडवायचा आणि आपण त्याला प्रेम म्हणायचं, मग शारदेच्या बापाशी भांडण कशाला?

मुदतीची तर गंमतच आहे. पुष्कळ करार सहा महिन्यांचे असतात, काही अकरा महिन्यांचे. ही बहुधा घरभाड्याच्या कागदाची सवय. पण हिंदू विवाह कायदा १९५५चा आहे, आणि त्याच्या कलम १४ प्रमाणे लग्नाला वर्ष होईपर्यंत, अपवादात्मक त्रास सोडला तर, घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. परस्परसंमतीनं व्हायचं तर अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि त्यानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं. हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. ‘वेगळं राहणं’ म्हणजे काय, याचा खुलासा १९९१चा : एका छपराखाली राहूनही नवरा-बायकोसारखं न राहणं हेही वेगळं राहणंच. या कथांचा सगळा मधला भाग एका वाक्यात न्यायालयानं सांगून ठेवलाय, आणि तो अजून फारसा कुणी वापरलेला दिसत नाही.

रातोरात नोंदणी लग्नही होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली आधी तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. घाईच असेल तर देवळात वैदिक पद्धतीनं लग्न लावून मग नोंदणीला जायचं. पण मग ते ‘नकली’ राहत नाही. ज्या विधीत सप्तपदी आहे, तिथं सातवं पाऊल पडलं की कायद्यानं विवाह पूर्ण. आणि तो शंभराच्या स्टँपवरचा करार? एक तर ऑक्टोबर २०२४पासून राज्यात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागतो. दुसरं म्हणजे ठरावीक मुदतीच्या लग्नाचा असला कागद कुठलंही कोर्ट अमलात आणणार नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम २३ आडवं येतं. पण हे कळल्यानं कथा बिघडत नाही, उलट घट्ट होते. कागदाला किंमत शून्य, हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत असेल, तर अटी पाळल्या जातात त्या निव्वळ दिलेल्या शब्दापायी. वकिलाच्या धाकानं पाळलेली अट मोडली काय आणि राहिली काय.

परदेशी कथांतला हुकमी प्रसंग म्हणजे एक खोली, एक पलंग, बाहेर बर्फ. आपल्याकडे अडचण बरोबर उलटी. जत्रेला पाहुणे आले की बायका माजघरात, पुरुष सोप्यात, आणि नव्या जोडप्याची खोली आत्यांना. मुळात सत्यनारायण, गोंधळ, कुलदैवताचं दर्शन होईपर्यंत दोघांना एकत्र झोपू देत नाहीत. जवळीक घडवायची तर दुसऱ्या जागा शोधाव्या लागतात. पहाटे पाचला बंब पेटवताना. मोटारसायकलवर, जिथं मागे बसलेलीनं धरायला खांदा घ्यावा की मागची दांडी, हा निर्णय खंबाटकी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत घ्यावाच लागतो. जेजुरीला, जिथं नवरदेवानं नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात आणि मागून चाळीस माणसं बघत असतात. करारात याचं कलम नसतं, ‘येळकोट’ म्हणेपर्यंत लक्षातही आलेलं नसतं.

आणि उखाणा. नाव घेतल्याशिवाय बायका उंबरा ओलांडू देत नाहीत, त्यामुळे खोट्या नवरीलाही नाव घ्यावंच लागतं. पहिल्या वेळी ती पाठ केलेला, कुणाच्याही नवऱ्याला चालेल असा उखाणा टाकते. कथा रचता येणाऱ्या लेखिकेनं दुसरा उखाणा राखून ठेवावा, दिवाळसणापर्यंत :

सज्जनगडाच्या पायऱ्या चढले मोजून मोजून,
… रावांचं नाव घेते अटी बाजूला ठेवून.

आत्या हसतात, त्यांना वाटतं या मुलीला यमक जुळत नाही म्हणून ‘अटी’ आणल्या. तो मात्र पानावरून उठतो.

पंचांग हा तर या कथेचा फुकटातला साथीदार. लग्न वैशाखात लावलं की आषाढ लगेच येतो, आणि नवी सून आषाढात माहेरी जाते. विरहासाठी गैरसमज, अपघात, जुनी मैत्रीण यातलं काही लागत नाही. रीतच तो घडवते. तो सकाळी सवयीनं दोन कप पाणी ठेवतो आणि एक ओतून देतो. श्रावणात मंगळागौर, पुढं गौरी-गणपती, दिवाळसण, आणि त्या वर्षी अधिक महिना पडला तर जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण. उसन्या जावयाला खरे अनारसे देणारी सासू ही जुन्या मैत्रिणीपेक्षा कितीतरी भारी अडचण आहे. जुन्या मैत्रिणीला घालवता येतं. अनारसे खावे लागतात, आणि खाल्ले की अपराधी वाटतं.

रोजच्या भागांच्या हिशेबानं कथा फुगते, हा दोष मात्र कशानंही झाकत नाही. पन्नास भागांची कथा दोनशेवर जाते, कारण वाचणारे थांबू देत नाहीत. मग एक गैरसमज चाळीस भाग टिकवायचा म्हणून दोन शहाणी माणसं एकमेकांना एक साधा प्रश्न विचारायचं टाळत राहतात. टेबलाशी बसून स्वतःच्या अटी लिहून घेणारी ती मुलगी एवढी मुकी झाली कशी, असं एसटीतली वाचक मनात म्हणते, चार भाग गाळून पुढं जाते, आणि तिचं काही बिघडत नाही.

शेवटी त्या कागदाचं काय करायचं? बहुतेक कथांत तो फाडतात किंवा गॅसवर धरतात. तसं करू नये. आपल्या घरांत कागद फाडत नाहीत. रेशनकार्ड, सात-बारा, लाइट बिलं, कुणाच्या तरी याद्यांची हळद लागलेली प्रत, सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत. पीकविम्यासाठी काहीतरी शोधताना तो करार हाताला लागावा, घड्यांवर विरलेला. चहाच्या अटीवर पेन्सिलीची एक रेघ असावी. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असावं, “साखर कमी.”