गाळणीत अडकलेल्या पायऱ्या

एकाच रेणूतून वीज किती वाहते हे मोजायचं, तर सोन्याची तार कटरने तिरकी कापायची, तिचं टोक सोन्याच्या पृष्ठभागात रुतवायचं आणि पायझोने (व्होल्टेज दिलं की अतिसूक्ष्म अंतर हलणाऱ्या स्फटिकाने) हळूहळू वर ओढायचं. जोड बारीक होत शेवटी एका अणूवर येतो. तेव्हा १०० मिलिव्होल्टला सुमारे ७.७ मायक्रोअँपियर प्रवाह मिळतो. तो अणू सुटला की फटीत कधी एखादा रेणू अडकतो, प्रवाह थोडा वेळ स्थिर राहतो आणि प्रवाहाच्या आलेखावर पायरी उमटते. २००३ मध्ये शू आणि ताओ यांनी दाखवलेली ही पद्धत. दिवसभरात अशी हजारो ओढकामं होतात, म्हणून कोणते आलेख ठेवायचे याची निवड स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा संगणक प्रोग्राम, करते.

त्या दिवशी द्रावणात इमिडाझोल होतं, म्हणजे दोन नायट्रोजन असलेला छोटा कड्यासारखा रेणू, आणि थोडा बेस (अल्कली). स्क्रीनवर एक पायरी आली, तिच्याखाली दुसरी, मग आणखी खाली तिसरी. मिळून लांबी एक नॅनोमीटरच्या वर. रेणू तर त्याच्या निम्माही नाही! सीनियरने मागे उभं राहूनच निकाल दिला: "ड्रिफ्ट आहे, टाकून दे." म्हणजे पायझो आपोआप सरकल्यामुळे लांबी चुकीची दिसतेय.

मला ते पटेना. त्याच बॅचमधल्या रिकाम्या, म्हणजे रेणू न अडकलेल्या, आलेखांचा उतार मी काढला, तो रोजच्यासारखाच होता. पायझो सरकला असता तर तोही बिघडला असता. मग सुचलं, की बेस इमिडाझोलचा प्रोटॉन काढून घेतो, त्यामुळे दोन्ही नायट्रोजन सोन्याला धरायला मोकळे होतात. टोक वर जाताना इलेक्ट्रोडमधून सोन्याचा अणू ओढून आणायचा, त्याला पुढचा रेणू धरायचा, की झाली सोनं-रेणू-सोनं अशी साखळी. कडी वाढली की वहन घटतं, म्हणून प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा खाली.

दुसऱ्या दिवशी नवं टोक कापलं आणि एका नायट्रोजनवर मिथाइल (कार्बनचा एक छोटा गट) असलेला तसाच रेणू घातला. त्या नायट्रोजनला सोनं धरताच येत नाही. संध्याकाळपर्यंत एकही लांब पायरी दिसली नाही. एवढा आनंद मला प्रयोगशाळेत क्वचितच झालाय.

पण मग स्क्रिप्ट उघडली. "लांबी मर्यादेबाहेर असल्यास वगळा" अशी एक ओळ, कोणी कधी लिहिली याची नोंद नाही. हिस्टोग्राम, म्हणजे सगळ्या आलेखांचा मिळून होणारा स्तंभालेख, देखणा यावा म्हणून आम्ही सगळे ती वापरत आलो. बेस घालून केलेली माझी आधीची मोजमापंही त्यातूनच गेली, आणि जागा वाचवायला आम्ही फक्त या गाळणीतून पार झालेले आलेख साठवायचो. त्यात साखळ्या होत्या का, हे आता तपासायला मूळ फाइलीच नाहीत.