उजवीकडे वळताना

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी आईला खण घ्यायचे होते, म्हणून तिला मोटरसायकलवर मागे बसवून मी इंदूरच्या सीतलामाता बाजारात गेले होते. खरेदी आटोपून परतताना गाडी उलट्या दिशेला वळवायची होती. हँडल उजवीकडे पूर्ण वळवलेले असताना समोरून एक हातगाडी आली, मी दचकून पुढचा ब्रेक दाबला आणि एकशे पंचाण्णव किलोंची गाडी आम्हा दोघींसकट उजव्या अंगावर आडवी झाली. त्या वेळी आमचा वेग पायी चालणाऱ्या माणसाइतकाही नव्हता. आजूबाजूच्या दुकानदारांनी गाडी उचलून दिली, आईने हातावरची धूळ झटकली आणि "लागलं नाही गं फारसं" असे म्हणाली. पण पुढचे पंधरा दिवस ती जिना उतरताना कठडा डाव्या हाताने धरत होती, कारण तिचे उजवे मनगट मुरगळले होते.

त्याआधी नऊ वर्षे मी मोटरसायकल चालवत होते. उज्जैन, मांडू, ओंकारेश्वर या रस्त्यांवर मी कितीतरी वेळा जाऊन आले आणि तिथे मला कधी भीती वाटली नाही. सीतलामाता बाजारात मात्र ध्यानात आले, की मला पन्नासच्या वेगाने गाडी चालवता येते, पाचच्या वेगाने येत नाही. राजवाड्याच्या भोवतीच्या बोहरा बाजार, बजाजखाना, सराफा अशा गल्ल्यांतून ज्यांना रोज ये-जा करायची आहे, त्यांच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही.

रामबागेत आमच्या गल्लीत राहणारे एक काका लष्कराच्या सिग्नल्स विभागात डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून संदेश पोहोचवणारे जवान होते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात एकाच मोटरसायकलवर दहा-दहा जवानांचा मनोरा करून जाणारे 'डेअरडेव्हिल्स' पथक याच विभागाचे, १९३५ साली उभे राहिलेले. ते कौशल्य वेगाचे नाही, इतका भार घेऊन संथ चालण्याचे आहे, असे काका नेहमी सांगतात. मी घडलेला प्रकार त्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते म्हणाले, "बाळ, पळवता सगळ्यांनाच येतं. रविवारी सकाळी सहा वाजता दसरा मैदानावर ये. गाडी चालवायची नाही, रांगवायची." त्या रविवारपासून आजवर मी जे शिकले, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

वेगात गाडी आपोआप उभी राहते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. फिरती चाके भोवऱ्याप्रमाणे गाडी तोलून धरतात, असे त्याचे कारण सांगितले जाते, परंतु ते अपुरे आहे. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भोवऱ्याचा परिणाम मुद्दाम नाहीसा केलेली सायकल तयार करण्यात आली होती, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वतःचा तोल सावरत चालली. अशा सायकली ज्या बाजूला पडू लागतात, त्याच बाजूला त्यांचे हँडल वळते, त्यामुळे चाके पुन्हा वजनाच्या खाली येतात आणि वाहन सावरते. मोटरसायकलवर हेच काम वेगात गाडी स्वतः करते, संथ गतीत ते चालवणाऱ्याला करावे लागते. अडचण अशी, की हँडल वळवल्याने मिळणारे सावरण्याचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वळणाचा घेर तोच ठेवून वेग २० वरून ५ वर आणला, तर ते बळ सोळावा हिस्सा उरते. म्हणूनच संथ गाडीचे हँडल पुष्कळ अधिक आणि लवकर हलवावे लागते, आणि त्यासाठी कोपर सैल, खांदे सैल व गुडघे टाकीला घट्ट हवेत. आपण सारे अडचणीच्या क्षणी नेमके उलट करतो, म्हणजे हात ताठ आणि गुडघे उघडे.

पहिले दोन रविवार काकांनी मला क्लचखेरीज कशालाच हात लावू दिला नाही. सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबून उभे राहायचे आणि लिव्हर इतका सावकाश सोडायचा, की इंजिनाचा आवाज किंचित जड होऊन गाडी पुढे सरकू पाहील. तिथेच बोटे थांबवायची आणि पुन्हा दाबायचे. हा 'धरण्याचा' बिंदू आणि क्लच पूर्ण सुटण्याचा बिंदू यांच्या मधली जी पट्टी आहे, त्या पट्टीतच संथ गाडीचा सारा कारभार चालतो. सुरुवातीला मला ही पट्टी लागतच नव्हती, कारण मी लिव्हर मुठीने धरत होते. मग काकांनी माझ्या बोटांच्या पेरांखाली एक रुपयाचे नाणे धरले आणि म्हणाले, "ह्याच्या जाडीइतकंच हलव." चाळीस-पन्नास वेळा ते केल्यावर बोटांना आपोआप कळू लागले. गाडी थोडी अधिक ओढू लागली की नाण्याइतके आत, मंदावली की नाण्याइतके बाहेर, आणि उजवी मूठ मात्र संपूर्ण वेळ एकाच जागी.

उजवी मूठ स्थिर ठेवणे हा या शिकवणीचा दुसरा भाग. आपल्याला हळू जायचे असले की रेस सोडून देण्याची सवय असते. इंजिन त्यामुळे कण्हत बंद पडते किंवा पुन्हा रेस देताना गाडी हिसका खाते. त्याऐवजी रेस आयडलिंगपेक्षा, म्हणजे मूठ न पिळता इंजिन नुसते चालू असते त्यापेक्षा, थोडी वर, एकसारखी ठेवावी आणि वेग आवरण्याचे काम उजव्या पायाखालच्या मागच्या ब्रेकवर सोपवावे. इंजिन पुढे ओढते आहे आणि मागचा ब्रेक त्याला हलकेच धरून ठेवतो आहे, अशा अवस्थेत चेनमधला ढिलेपणा निघून जातो, गाडी मागच्या चाकावर बसल्यासारखी होते आणि हिसके थांबतात. काका याला 'लगाम आणि टाच' म्हणतात, आणि मला तरी याहून नेमके वर्णन सापडलेले नाही.

आता पुढच्या ब्रेकविषयी. हँडल सरळ असताना पुढचा ब्रेक हा गाडीचा सर्वांत भरवशाचा ब्रेक असतो, त्याविषयी शंका नको. परंतु हँडल वळलेले आणि गाडी कललेली असताना तो एकदम दाबला, तर पुढचे चाक जागीच अडते, फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे, खाली दबतात आणि वळणामुळे गाडीला मिळणारा आधार क्षणात नाहीसा होतो. वजन मात्र पुढेच जात राहते आणि हँडल वळलेल्या बाजूला कोसळते. सीतलामाता बाजारात माझे हेच झाले होते. याला जोडून आपल्याकडची एक सवय सांगितली पाहिजे, कारण मला ती फार धोक्याची वाटते. गर्दी दिसली की आपण दोन्ही पाय खाली सोडून गाडी ढकलत नेतो. उजवा पाय लोंबकळत असला, म्हणजे मागचा ब्रेक दाबायला कोणी उरत नाही. मग थांबायची वेळ येते तेव्हा हाताशी फक्त पुढचाच ब्रेक असतो, आणि नेमक्या त्या क्षणी हँडल बहुधा वळलेले असते. पाय फूटरेस्टवर ठेवणे, हँडल सरळ करून मगच थांबणे आणि थांबताना फक्त डावा पाय टेकणे, एवढ्या तीन गोष्टी अंगवळणी पडल्या, तरी पडण्याचे बरेचसे प्रसंग टळतील. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि माझ्या गाडीचे आसन ८०५ मिलिमीटर उंचीवर आहे. दोन्ही टाचा जमिनीला पुरत नाहीत ही खंत मी वर्षानुवर्षे बाळगली होती. एक पाय नीट टेकता आला तरी पुरते, हे मला या सरावानेच पटवून दिले.

नजरेविषयी थोडक्यात सांगते, कारण ते करायला अवघड असले तरी सांगायला सोपे आहे. पुढच्या चाकाकडे पाहू नये. जिथून बाहेर पडायचे आहे तिथे पाहावे, त्यासाठी हनुवटी खांद्यापर्यंत वळवावी.

सराव मोजता यावा म्हणून मी जपानच्या परवाना परीक्षेतली एक कसोटी उचलली. तिथे ३० सेंटीमीटर रुंद, १५ मीटर लांब आणि ५ सेंटीमीटर उंच अशा फळीवरून गाडी न्यावी लागते. मोठ्या गाडीच्या परवान्यासाठी त्यावर किमान १० सेकंद आणि मधल्या वर्गासाठी किमान ७ सेकंद घ्यावे लागतात, म्हणजे जो लवकर पोहोचतो त्याचे गुण जातात. पंधरा मीटरला दहा सेकंद म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्या आत. मी मैदानाच्या कोरड्या, कठीण भागावर चुन्याच्या फक्कीने दोन रेषा आखल्या. पहिल्या दिवशी मला चार सेकंद लागले आणि दोनदा चाक रेषेबाहेर गेले. सहा आठवड्यांनी मी अकरा सेकंदांवर आले. आपल्या बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असल्यामुळे अशा सरावाने तो लगेच जळत नाही, परंतु संथ गतीत हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही. म्हणून दर दहा मिनिटांनी गाडी बंद करून थोडी उसंत देणे मी कटाक्षाने पाळते.

वहिनी स्कूटर चालवते, तिलाही मी एकदा मैदानावर नेले. स्कूटरला हातात धरण्याजोगा क्लच नसतो. आतला क्लच इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावर आपोआप धरतो आणि उतरल्या की सोडतो. त्यामुळे तिथे रेस अगदी हलकी पण सतत ठेवून डाव्या हाताच्या ब्रेकने वेग आवरावा लागतो. मात्र एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना जोड ब्रेक किंवा एबीएस (चाक अडू न देणारी यंत्रणा) यांपैकी एक सक्तीचे झाले आणि जोड ब्रेकच्या स्कूटरवर डावा लिव्हर पुढच्या चाकालाही थोडा धरतो. म्हणून वळणात तो बोटाच्या टोकानेच दाबावा.

सर्वांत अधिक वेळ मला घेतला तो यू-टर्नने. सरळ रेषेत संथ चालणे साधले, तरी वळणात अंगाची बैठक उलटी करावी लागते. वेगात आपण गाडीबरोबर आत झुकतो. संथ यू-टर्नमध्ये गाडी आत कलवून आपण बाहेरच्या बाजूला सरकायचे असते, बाहेरच्या फूटरेस्टवर भार द्यायचा असतो. गाडी जितकी अधिक कलते तितका घेर लहान होतो, आणि आपले वजन बाहेर असल्यामुळे ती पडत नाही.

यात आपल्या देशापुरती एक विशेष अडचण आहे. परदेशी शिकवणीच्या पुष्कळशा चित्रफितींत यू-टर्न डावीकडे घेतलेला दिसतो, कारण त्या देशांत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. आपल्याला तो उजवीकडे घ्यावा लागतो, आणि उजवीकडचा यू-टर्न मुळातच अधिक कठीण आहे. हँडल उजवीकडे पूर्ण वळले की उजवी मूठ पोटाशी येते, मनगट दुमडते आणि नकळत रेस वाढते किंवा तुटते. त्याच वेळी डावी मूठ दूर जाते आणि माझ्यासारख्या आखूड हातांच्या माणसाची बोटे क्लचवरून निसटू पाहतात. शिवाय उजवा पाय ब्रेकवर गुंतलेला असल्याने गाडी आतल्या बाजूला कलंडली तर टेकायला तो मोकळा नसतो. काकांनी यावर तोडगा दिला, की वळण्यापूर्वीच आसनाच्या डाव्या कडेवर सरकून धड थोडे पुढे झुकवावे आणि उजवी मूठ मनगट खाली ठेवून नव्याने धरावी, म्हणजे पूर्ण वळल्यावर ती आपसूक योग्य जागी येते. मूठ आधी बदलायची, हँडल मग वळवायचे, हा क्रम मला अजून दर वेळी मनात म्हणावा लागतो.

सध्या डावीकडचा यू-टर्न मला आठ पावलांच्या रुंदीत घेता येतो, उजवीकडच्याला दहा लागतात. आमची गल्ली नऊ पावलांची आहे. बाजारातून परतलो की आई गल्लीच्या तोंडाशी उतरते, पिशवी छातीशी धरून भिंतीलगत उभी राहते आणि मी गाडी वळवून लावेपर्यंत पाहत असते. मी तिला अजून "बसून राहा" असे म्हटलेले नाही. उजवीकडचा आकडा आठवर आला, की म्हणेन.