थंडीतली कामं: बुलेट, रोडकिंग आणि उजवा गुडघा

बुलेटचा कार्बोरेटर शेवटी उघडला. दिवाळीपासून तिचं नाटक चालू होतं, सकाळी लागायची व्यवस्थित, पण नाशिकला मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी राहिली की आयडलिंगला खोकायची आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्ट. मी आधी ठिणगी पाडणारे पॉइंट साफ केले, कंडेन्सर बदलला, प्लग बदलला, काही फरक नाही. मग फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी, खाली घेतलं तर तळाला चहाच्या रंगाचा गाळ, आणि पेट्रोलचा पाइप, जो याच पावसाळ्याआधी नवा टाकलेला, तो बोटात दाबला तर मऊ चिकट, दाबला की दाबलेलाच राहतो. हाताला काळं लागलं ते घासलेटनेसुद्धा लवकर निघेना.

जुन्या गाड्यावाल्यांना आता हे नवीन राहिलं नाही. २०२२ च्या जूनला पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल पूर्ण झालं आणि २०२५ मध्ये २० टक्के. आपल्या गाड्या ज्या काळात बनल्या तेव्हा या भानगडीचा कुणी विचारच केला नव्हता, त्यामुळे रबर, वायसर, पितळी फ्लोट, जस्ताची बॉडी, सगळ्यांनाच त्रास. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि नाशिकच्या थंडीत अर्धी भरलेली पत्र्याची टाकी रात्रभर पार्किंगमध्ये गारठली की आतून घाम येतो तो वेगळाच. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं आणि पेट्रोलचा कॉक उघडला की पहिलं तेच कार्बोरेटरमध्ये उतरतं. म्हणून माझं आता ठरलंय, गाडी आठवड्याच्या वर उभी राहणार असेल तर टाकी एकतर काठोकाठ भरायची नाहीतर पूर्ण रिकामी करायची, आणि बंद करताना कॉक आधी बंद करून चेंबरमधलं पेट्रोल जाळून टाकायचं. अर्धी टाकी सगळ्यात वाईट.

गंमत बघा, हेच इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसातून निघतं, आणि थंडीत गाळप चालू असताना निफाड-दिंडोरी बाजूला रात्री गाडी चालवायची म्हणजे पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ट्रॅक्टरवर गाणी फुल्ल आवाजात. आधी तो ऊस रस्त्यात आडवा येतो, मग टाकीत.

तर केलेलं काम असं. टाकी काढून आत मूठभर नट आणि थोडं घासलेट टाकून हलवली, हात भरून आले, गंज बराच निघाला. पाइप व्हायटॉनचा घातला, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा, महाग आहे पण बघू किती टिकतो. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर वरचा टाकला. कारण सरळ आहे, साधं पेट्रोल १ किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९, म्हणजे जेट तोच ठेवला तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं होतं, इंजिन तापतं आणि ॲक्सिलरेटर सोडला की ते फट्ट फट्ट चालू. आता प्लगचा रंग बिस्किटासारखा येतोय, आयडलिंग पूर्वीसारखं दुडूक दुडूक. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तीही हातासरशी बघून घेतली, गाडी थंड असताना, पिस्टन वर कॉम्प्रेशनला आणून, पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. तीन पान्यांचं काम आहे आणि हात दोनच, पण ते काम मला आवडतं, थंडीत सकाळच्या उन्हात बाहेर स्टूल टाकून बसलं की बायकोसुद्धा तासभर हाक मारत नाही.

आता गुडघ्याचं. मंडळींना माहिती आहे, पाऊसभर उजवा गुडघा दुखत होता, ऑर्थोवाल्याने एक्स-रे बघून सांगितलं की किक मारणं बंद. मी विचारलं बुलेटची का रोडकिंगची, म्हणजे माझ्या दुसऱ्या गाडीची, टू स्ट्रोक येझदीची, तर तो हसला, त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मी मस्करी करत नव्हतो, कारण रोडकिंगची किक डाव्या बाजूला असते आणि डावा गुडघा माझा ठणठणीत आहे. पोरं म्हणतात सेल्फ स्टार्टचं किट बसवा, जावई म्हणतो विका आणि नवीन घ्या, नवी येझदी २०२२ पासून मिळतेच की बटणवाली. मला दोन्ही नको. सेल्फच्या किटला माझा विरोध काही तात्त्विक नाही, ज्याला बसवायचं त्याने खुशाल बसवावं, पण माझ्या मते बुलेटला जोर लावून किक मारणारे नव्वद टक्के लोक उगाच मारतात.

बघा, ३४६ सीसीचा एकच पिस्टन, ७० चा बोअर आणि ९० चा स्ट्रोक, तो कॉम्प्रेशनवर असताना तुम्ही त्याच्यावर उभे राहिलात तर तो तुम्हाला वर फेकणार नाहीतर काय करणार. चावी ऑन करायची आणि अँपिअर मीटरकडे बघत किक हाताने दाबतो तशी हळूच पायाने दाबायची. पॉइंट मिटलेले असले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की परत मधे येतो. कॉम्प्रेशन लागलं, किक अडली, काटा मधे आला, की डीकंपचा, म्हणजे कॉम्प्रेशन सोडून देणारा, लिव्हर ओढायचा, किक इंचभर, अगदी इंचभरच खाली न्यायची, फुस्स असा आवाज येतो, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि मग एकच लांब सरळ लाथ. जोराची नाही, लांब. पिस्टनने माथा ओलांडलेला असतो त्यामुळे फ्लायव्हीलला पूर्ण फेरा फिरून वेग घ्यायला जागा मिळते. हे मला भद्रकालीतल्या चाचांनी शिकवलं, त्यांचं वजन जेमतेम पन्नास किलो असेल आणि पायात स्लीपर, आणि गाडी लागायची. बुलेटची किक उजवीकडे, म्हणून हल्ली मी उजव्या बाजूला गाडीशेजारी उभं राहून डाव्या पायाने मारून बघितलं, साइड स्टँडवर. जमतं, पण दिसायला फार विचित्र दिसतं, शेजारच्या पोरांनी व्हिडिओ काढला.

एक सूचना थंडीत गाडी उभी ठेवणाऱ्यांना. जुनी बुलेट महिनाभर उभी राहिली की ऑइल टाकीतून पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये जमतं, मग पहिली किक दगडासारखी लागते आणि लागल्यावर निळ्या धुराने गल्ली भरते. टाकीत ऑइल कमी दिसलं म्हणून वरून ओतू नका, आधी खालचा बोल्ट काढून किती निघतं बघा.

रोडकिंग. ही १९८६ ची, सातपूरला कामाला लागल्यावर हप्त्यावर घेतलेली, पहिल्या मालकाची म्हणजे माझीच. बुलेट नंतरची, ओझरच्या एचएएलमधल्या एका गृहस्थाकडून घेतलेली, ती १९८४ ची. मधे आरएक्स १०० सुद्धा होती आणि ती विकली, आणि लोक आज तिच्या किमती सांगून मला हळहळायला लावतात पण मला काही वाटत नाही. ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, पळायची वाऱ्यासारखी हे मान्य, पण मागे बसलेलं माणूस त्र्यंबकपर्यंत गेलं की उतरून पायीच परत येतो म्हणायचं. आता रील बघून पोरं तिला लाखांत घेतात आणि कापड टाकून झाकून ठेवतात. चालवायची नाही तर गाडी कशाला घ्यायची, पितळेची समई घ्या.

रोडकिंगचं या महिन्यातलं काम सायलेन्सरचं. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर, दोन्हीच्या आतल्या जाळीच्या नळ्या कार्बनने भरलेल्या, गाडी पन्नासच्या वर जायला तयार नाही. नळ्या काढल्या, आणि कोपऱ्यावर वॉचमनच्या शेकोटीत घातल्या. लाल झाल्या, आतलं जुनं ऑइल पेटलं, मग असा काही वास सुटला की शेकोटीवाले सगळे उठून दुसरीकडे गेले, एक आजोबा म्हणाले काय रे जाळतोयस. गार झाल्यावर ठोकल्या तर खपल्या निघाल्या काळ्या, जाडच्या जाड, पत्र्याची भोकं परत दिसायला लागली. घालून चक्कर मारली गंगापूर रोडने धरणापर्यंत, जुना आवाज परत आला, तो दोन सायलेन्सरचा टणटण आवाज, ज्याने ऐकलाय त्याला सांगायची गरज नाही. क्रँकच्या ऑइल सीलचं मात्र अजून बाकी आहे. क्लचच्या बाजूचं सील गेलंय असा मला संशय आहे, कारण धूर पांढरट जास्त आहे आणि त्या बाजूचं ऑइल हळूहळू कमी होतंय, इंजिन ते ओढून जाळतंय. ते खोलायचं म्हणजे मोठं काम, संक्रांतीनंतर बघू.

ही गाडी मला कधी रस्त्यात सोडून गेली नाही असं मी म्हणणार नाही, पण घरी आणायची. एकदा मालेगावहून येताना राहूड घाटात क्लचची केबल तुटली, संध्याकाळची वेळ, थंडी, जवळ दुसरी केबल नाही. दुसरी कुठली गाडी असती तर ट्रकच शोधावा लागला असता. येझदीला पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप उचलला जातो ना, तर पहिला गिअर दाबून धरायचा, रेस वाढवायची आणि पाय हळूहळू सोडायचा, गाडी निघते. तशीच चांदवड, पिंपळगाव करत नाशिकला आणली. द्वारकेच्या सर्कलला तेवढी धाकधूक झाली, बाकी काही नाही.

आणि पायांची गंमत. बुलेटला गिअर उजवीकडे, पहिला वर बाकी तीन खाली, ब्रेक डावीकडे. रोडकिंगला बरोबर उलटं, गिअर डावीकडे, पहिला खाली तीन वर, ब्रेक उजवीकडे. दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या की डोकं ताजं राहतं, शब्दकोडं सोडवायची गरज नाही. जावयाला एकदा बुलेट दिली होती, त्याने ब्रेक म्हणून गिअर टाकला, भाजीवाल्याची हातगाडी थोडक्यात वाचली.

टू स्ट्रोकवाल्या नवीन पोरांसाठी अजून एक, कारण परवा एकाने विचारलं. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरवर गाडी ओढू नका. या गाड्यांत ऑइल पेट्रोलमधूनच जातं, पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोरावर गरगर फिरतंय. पेठ रस्त्याला सावळघाटात माझ्या पुढच्या मित्राची राजदूत अशीच धरली होती, मागचं चाक कचकन थांबलं आणि रस्त्यावर काळी रेघ, तो पडला नाही हे नशीब. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. आम्ही पेट्रोल पंपावर टू-टीच्या, म्हणजे टू स्ट्रोकच्या ऑइलच्या, यंत्राचं हँडल फिरवून मोजून घालायचो, तो पंपावरचा माणूस हँडल अर्धवट फिरवून पुढच्याला बोलवायचा म्हणून त्याच्याकडे बघत उभं राहायला लागायचं. आता मी बाटली जवळ ठेवतो, लिटरला तीस-पस्तीस मिली.

थंडीतली राइड म्हणाल तर माझी आवडती एकच, नांदूरमधमेश्वर. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, वगैरे पाटी आता लागली, आम्ही जायचो तेव्हा पाटी नव्हती आणि पक्षी तेवढेच होते. पहाटे अंधारात निघायचं, जर्किनच्या आत छातीवर गावकरी नाहीतर देशदूतची घडी घालायची, वारा लागत नाही, आणि तिथे पोचल्यावर वाचायलाही होतो. चांदोरीच्या पुढे सायखेड्याकडे वळलं की गोदाकाठची थंडी अशी अंगावर येते की हँडलवरची बोटं आपली आहेत का बघायला लागतं. निफाड तालुक्याची थंडी काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू केंद्रात १.८ अंश नोंदले गेले. अशा वेळी द्राक्षवाले रात्रभर बागेत जागे, बांधाबांधाला शेकोट्या, कारण मणी तडकले की वर्ष गेलं. तो धूर रस्त्यावर खाली बसलेला असतो, पिवळा हेडलाइट त्यात घुसत नाही, रोडकिंगच्या ६ व्होल्टच्या दिव्याला तर मेणबत्तीच म्हणायला पाहिजे, पण एका बागवाल्याने एकदा हात करून थांबवलं, शेकायला बसवलं, आणि मला म्हणाला काका तुम्हाला कुणी जबरदस्ती पाठवलंय का एवढ्या थंडीत. बायको मागे बसलेली, ती म्हणाली मला पाठवलंय.

आता मुंबईकडे जायचं तर गाडी काढवत नाही. समृद्धीचा इगतपुरीचा आठ किलोमीटरचा बोगदा बघायची फार इच्छा आहे पण दुचाकीला तिथे बंदी, त्यामुळे आपलं जुनं कसारा घाटच, तिथे कंटेनरच्या रांगेत बुलेट तापते आणि गुडघाही. शहरात तर सिंहस्थाच्या कामांनी सगळीकडे खोदकाम, २०२७ पर्यंत काही खरं नाही.

बाकी राहिलेलं: दोन्ही गाड्यांच्या नवीन नंबर प्लेटा, जुन्या नोंदणीच्या गाडीचा चेसिस नंबर ऑनलाइन जुळत नाहीये म्हणून एक चक्कर ऑफिसात मारायची आहे. रोडकिंगचं क्रँक सील. बुलेटच्या स्पीडोमीटरची केबल. आणि कुणाकडे रोडकिंगच्या किकचं जुनं जाड रबर असेल, नवीन मिळतं ते कडक प्लास्टिकसारखं आहे आणि बुटावरून घसरतं, तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, चांदवडच्या अलीकडे असाल तर बुलेटवर आणि पलीकडे असाल तर एसटीने.