परसातले पक्षी : तिसऱ्या महिन्याची नोंद

डिसेंबर संपला. परस आमचं साताऱ्यातलं, जेमतेम दोन गुंठ्यांचं. शेवगा, जास्वंद, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळ. खात्रीने ओळखता येणारे पक्षी आता एकवीस झालेत. बुलबुल, साळुंकी, होला, भारद्वाज यांना वेळ लागला नाही. सगळा महिना खाल्ला तो शिंजीराने.

ऑक्टोबरात वहीत तीन शिंजीर मांडले होते: जांभळट काळा नर, पोटाला पिवळी मादी आणि तिसरा, पिवळाच, पण हनुवटीपासून पोटापर्यंत शाईचा ओघळ आल्यासारखी काळी रेघ असलेला. तो मी वेगळी जात म्हणून लिहिला. या महिन्यात तो जास्वंदीवर हातभर अंतरावर आला. फुलात तोंडाने न शिरता देठापाशी बाजूने चोच खुपसून मध पीत होता, आणि पंखावर कोवळं ऊन पडताच निळी झाक चमकली. तो नरच! वीण आटोपली की जांभळ्या शिंजीराचा नर ते झळाळतं रूप उतरवतो, उरते ती ही रेघ. तिसरी जात खोडली. खोडताना फार आनंद झाला.

त्यामुळे आता रंग शेवटी, आधी चाल. कढीपत्त्यात शेपटी उभारून फिरणारे दोन चिमुकले जीव असेच सुटले. तांबूस टोपी, पाठ हिरवट आणि देहाच्या मानाने फार मोठ्या आवाजात ‘टोविट-टोविट’, तो शिंपी. डोकं-पाठ राखाडी, पोट तांबूस, आणि उडताना बोटं मोडल्यासारखा कटकट आवाज, तो राखी वटवट्या.

दयाळ आणि चीरक दोघेही काळे, दोघांचीही शेपटी वर. दयाळाचं पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. चीरकाच्या खांद्यावर छोटासा ठिपका आणि शेपटीखाली विटकरी रंग. तो बहुतेक जमिनीवरच सापडतो.

सातभाईंना तर डोळे मिटूनही ओळखावं. पाचोळा उलथत चाललेली टोळी एकदम कलकलाट करू लागली, की कुंपणावर मांजर आलेलंच असतं.

आता रोज साडेसातला जास्वंदीसमोर बसते. त्या रेघवाल्या नराच्या छातीवर जांभळं पसरू लागेल, ती तारीख लाल शाईने लिहायची आहे.