चौथ्या पिढीचा लॅपटॉप आणि बुवांचे अभंग : दुसरी नोंद

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या भजनी मंडळाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी डेबियन ही लिनक्सवर आधारलेली मुक्त-स्रोत प्रणाली बसवण्याचे काम मी दिवाळीत हाती घेतले होते, त्याची ही दुसरी नोंद. यंत्र साधेच आहे : चौथ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि कुरकुरणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. वर्षभराची वाढीव मुदत घेता आली असती, परंतु धडधाकट यंत्र कधी म्हातारे झाले हे परस्पर दुसऱ्याने ठरवावे, हेच मला खटकते. मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो ते, फुकट मिळते, हे कारण आपल्यापैकी पुष्कळ जण सर्वांत आधी सांगतात. माझ्या लेखी ते सर्वांत शेवटचे आहे.

नरकासुराच्या रात्री गावभर ढोल आणि लाऊडस्पीकर चालू असताना झोप लागणे शक्यच नव्हते, म्हणून इन्स्टॉलेशनला तोच मुहूर्त धरला. जुनी हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेले डेबियन १३, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह, घातले. मध्येच वीज गेली, बॅटरी तर केव्हाच संपलेली, त्यामुळे सगळे पहिल्यापासून करावे लागले. पहाटे नरकासुराचा पुतळा जळून गेल्यावर यंत्र सुरू झाले तेव्हा नुसत्या डेस्कटॉपने सुमारे ७०० एमबी रॅम घेतली होती.

खरा त्रास वायफायने दिला. त्या कार्डाच्या ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) गाभा बंद स्वरूपात, म्हणजे मूळ कोड न दाखवता, मिळतो आणि बाहेरचे आवरण प्रत्येक कर्नलसाठी (प्रणालीच्या गाभ्यासाठी) नव्याने कंपाइल करावे, म्हणजे कोडमधून चालता प्रोग्राम बनवावे लागते. डेबियन १३ च्या ६.१२ कर्नलवर माझ्याकडील प्रत कंपाइल होईना. दोन रात्री मोबाइलला यूएसबी केबल जोडून इंटरनेट चालवले. तिसऱ्या दिवशी एका मित्राच्या मोडीत काढलेल्या लॅपटॉपमधील जुने कार्ड आणून बसवले. त्याचा एटीएच-९-के हा ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्यामुळे काहीही न घालता जाळे दिसू लागले. संपूर्ण यंत्रात एकच बंद ड्रायव्हर होता आणि अडलो ते नेमके तिथेच, हा योगायोग मला तरी वाटत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. तेव्हापासून शिरस्ता असा की, कर्नलच्या आतील एखादी जोडणी जो बदलतो, त्यानेच कर्नलमधल्या सर्व ड्रायव्हरांत तो बदल करून द्यायचा. जुनी कार्डे चालत राहतात ती यामुळे. ज्याचा स्रोत बाहेर आहे, त्याची चौकशी करायला तिथे कोणी बसलेले नाही.

अर्थात इकडेही सगळे अमर नसते. माझ्याकडील ३२-बिट नेटबुकसाठी डेबियन १३ चा इन्स्टॉलर निघालेलाच नाही, आणि इंटेलच्या मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार कर्नलने २०१२ च्या अखेरीसच काढून टाकला. फरक एवढाच की, हे निर्णय उघड चर्चेतून झाले आणि ज्याला हवे त्याला जुना स्रोत घेऊन पुढे जाण्याची मुभा आहे. मी जाणार नाही; तेवढी हौस नाही.

आता अभंगांकडे वळतो, कारण लॅपटॉपचा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. मंडळाची १८० पानांची वही २००३ च्या सुमारास एका डीटीपी (संगणकावर पाने जुळवण्याच्या) पॅकेजमध्ये टाइप केलेली आहे. ते पॅकेज पॅरलल पोर्टला (प्रिंटर जोडण्याच्या जुन्या जागी) डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय उघडत नसे. डोंगल केव्हाच हरवले आणि तो पोर्टही आता लॅपटॉपला नसतो. सुदैवाने कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडणारी एक आरटीएफ प्रत सापडली, पण ती युनिकोड या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतप्रणालीच्या आधीच्या फॉन्टमधली असल्यामुळे उघडताच पानभर इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसला. म्हणून हा मजकूर युनिकोडमध्ये नेणारा परिवर्तक पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ‘विठ्ठल’ मधील वेलांटी ‘व’च्या आधी येते आणि ‘कीर्तन’ मधला रफार ‘त’च्या नंतर, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. माझी पहिली आवृत्ती वेलांटीला एकाच अक्षरापलीकडे नेत असे, त्यामुळे ‘स्थिती’ची वेलांटी ‘स’ आणि ‘थ’ यांच्यामध्ये अडकून बसली. हलन्त जोपर्यंत आहे तोपर्यंत पुढे सरकत राहायचे, एवढी एक ओळ घातल्यावर जोडाक्षरे सरळ झाली.

आता सगळा मजकूर लिब्रेऑफिस या मुक्त-स्रोत ऑफिस पॅकेजच्या ओडीटी फाइलमध्ये आहे. २००६ मध्ये आयएसओ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेली ही रचना मुळात झिप केलेले एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला साधा मजकूर, आहे. उद्या लिब्रेऑफिस राहिले नाही तरी फाइल उकलून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये अक्षरे वाचता येतील. छपाईसाठी ‘मुक्ता’ फॉन्ट घेतला, कारण त्याच्या खुल्या परवान्यामुळे शेजारच्या मंडळाला फाइलबरोबर तोही देता येतो. मजकुराची भाषा मराठी ठेवायला मात्र विसरू नये; फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात.

उरला आहे तो चंद्रकोरी ‘ऱ’. मूळ टाइप करणाऱ्याने बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी सरळ रफार दिलेला असल्यामुळे ‘दर्या’ म्हणजे समुद्र की ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, हे परिवर्तकाला कळण्याचा मार्ग नाही. अशा ३७ ओळी त्याने वेगळ्या काढून दिल्या आहेत. रोज संध्याकाळी त्यांतील काही मी बुवांना वाचून दाखवतो. ते डोळे मिटून चाल धरतात, तोंडपाठ ओळ म्हणतात आणि मी अक्षर दुरुस्त करतो. १४ झाल्या, २३ बाकी आहेत.